कोठीत सगळं वाढलं!

"वाढ दिसलीच पाहिजे!" राजा उदेभान गरजला. "काम शिकणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने आधीच सांगायचं, काय वाढवून दाखवणार. नाही दाखवलं तर हाकला!"

दरबारातल्या पिकल्या माना डोलल्या. डोलायला काय जातं? उमेदवारी त्यांना थोडीच करायची होती!

हुकूम राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पोचला. तिथे भडभुंज्याची पोर भिवरी उमेदवारीला होती. राजाची आचारीण व्हायचं, हा एकच ध्यास. पण मुख्य आचारी अंतोबा तिला चुलीजवळ फिरकू देईल तर शपथ! कांदे सोल, खरकटं काढ, दुपारी माझे पाय चेप. झाली उमेदवारी! वर त्याच्या रीती. एकदा तिच्या तोंडून "मीठ संपलं" निघालं, तर म्हाताऱ्याने पळीच उगारली.

"अवदसे! भरल्या घरात 'संपलं' म्हणतात? 'मीठ वाढलं' म्हणावं!"

"पण आजोबा, बरणी रिकामी आहे."

"रिकामी असली तरी वाढलंच म्हणायचं! मरेन, पण तो अभद्र शब्द काढणार नाही."

हुकूम पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी खुद्द राजाच मुदपाकखान्यात आला. "काय गं, काय शिकणार?"

"स्वयंपाक, महाराज."

"हे कुणीही म्हणेल!" अंतोबा मध्येच तडकला. "यात वाढ कुठे दिसणार? पुढल्या पौर्णिमेपर्यंत कोठीतलं तूप, गूळ, तांदूळ वाढवून दाखवू दे. तेही बाहेरून कण न आणता!"

"ठरलं!" राजा म्हणाला. एकदा ठरलं म्हणजे ठरलं, मग ते कितीही अचाट असो. "नाही वाढलं, तर पोरगी घरी!"

भिवरीने अंतोबाकडे पाहिलं. मग पळीकडे. मग हळूच हसली.

"वाढलं पाहिजे, एवढंच ना महाराज?"

"एवढंच!"

"मग तोवर चूल आणि कोठी माझ्या ताब्यात. आणि वाढलं की नाही, ते आजोबांनीच सांगायचं."

"सांगतो की! आनंदाने सांगतो!" अंतोबाच्या मिशीला पीळ बसला.

भिवरीने चूल पेटवली आणि गावातले सगळे उमेदवार जेवायला बोलावले. लोहाराकडचे, विणकराकडचे, सगळे उस्तादांच्या उरल्यासुरल्यावर जगणारे. पहिला भात गिळगिळीत, दुसरा करपलेला.

"निदान कुरकुरीत तरी आहे!" लोहाराकडचा म्हणाला. "वाढ आणखी!"

हळूहळू हात बसला. पोरं पातेली पुसून खाऊ लागली. अंतोबा दारात बसून मांडीवर ताल धरी, "गिळा लेको! पौर्णिमा येऊ दे!"

पौर्णिमा आली. राजा पाटावर बसला. "अंतोबा, तूप आण!"

अंतोबा टुणकन उठला. तुपाची बरणी आणून राजासमोर उपडी धरली. थेंब पडेना.

"तूप कुठाय?"

"महाराज, तूप सं..." अंतोबाची जीभ अडली. राजा पाटावर, समोर पान मांडलेलं! "तूप... वाढलं, महाराज."

"गूळ?"

"गूळही वाढला."

"आणि तांदूळ?"

अंतोबाला घाम फुटला. "वाढले, महाराज! सगळंच वाढलं!"

"ऐकलंत?" भिवरीने टाळी वाजवली. "उद्दिष्ट पुरं!"

"अगं, पण कोठी रिकामी आहे!"

"रिकामी असली तरी वाढलंच म्हणायचं, महाराज. आजोबांनीच शिकवलंय. तेवढं एकच शिकवलं त्यांनी!"

"मग तूप गेलं कुठे?"

"पोरांच्या पानांत. तेही मीच वाढलं!"

राजाने डोळे वटारले. तेवढ्यात भिवरीने शेवटच्या मुठीचा गूळभात त्याच्या पानात वाढला. राजाने एक घास घेतला. दुसरा घेतला. बोटं चाटली आणि असा हसला, असा हसला की उचकी लागली.

"आजपासून मुदपाकखान्याची पळी तुझी! आणि हा अंतोबा तुझा उमेदवार. बोल, याने काय शिकायचं?"

"सोपं आहे, महाराज. रिकाम्या भांड्याला 'संपलं' म्हणायला!"

"वा! अंतोबा, आणखी भात आण!"

अंतोबाने पातेल्यात डोकावलं. गळा खाकरला. "महाराज, भात सं... सं..."

"हां, बोल, बोल!"

"...वाढला, महाराज!"

हसता हसता राजा पाटावरून खाली आला.