शेपटीवरचा अक्षतेचा दाणा

"...पण गुरुजी, यापेक्षा ताकदवान सर्वो दुनियेत आहे कुठे?"

असं म्हणत हेरंबने आपलं नवं मॉडेल जेट माळावरच्या जुन्या धावपट्टीवर ठेवलं. सर्वो म्हणजे विमानाच्या शेपटीची पट्टी वर-खाली करणारी काडेपेटीएवढी मोटर. हातात रिमोट कितीही भारी असो, विमानाचा जीव तिच्यात.

हेरंबची आधीची दोन पडली होती. एक उसात, दुसरं सरपंचांच्या विहिरीत. बायकोने बजावलं होतं, हेही पडलं तर घरात पुन्हा पंख चिकटायचे नाहीत.

टेंबेगुरुजी खुर्ची टाकून बसले होते. माळावरच्या सगळ्या विमानवाल्यांचे गुरू. त्यांच्या कानाबद्दल काय सांगू! मुंगी लंगडत गेली तर कुठला पाय दुखतोय ते सांगत.

"खेचतो किती?"

"तुम्हाला खुर्चीसकट उचलेल, गुरुजी!"

"मला कुठे जायचंय?"

हेरंबने पूजेचं ताट पुढे सरकवलं.

नव्या विमानाची पूजा करायची आमच्याकडे रीत. गुरुजींनी ताटातून अक्षतेचा एक दाणा उचलला आणि शेपटीच्या पट्टीवर ठेवला. हेरंबने भक्तिभावाने मान लववली.

"नमस्कार नंतर. बॅटरी जोड."

त्याने जोडली. अंगठा आपसूक रिमोटच्या दांडीकडे गेला.

"हात काढ."

"मग सर्वो हलणार कसा?"

"तेच बघायचंय."

...

कुणीही हात लावला नव्हता. तरी पट्टी बारीक थरथरत होती. दाणा इकडे नाचला, तिकडे नाचला आणि गवतात पडला.

हेरंबने खोक्यातून सर्वोंची दुसरी जोडी काढली. "ही बघा, विजेसारखी चपळ!"

ती बसवली. दाणा टोळासारखा उडाला.

मग गुरुजींनी स्वतःच्या पिशवीतून एक काळी जोडी काढली. ना चमक, ना सोनेरी अक्षरं.

"ही?" हेरंबचं तोंड वाकडं झालं.

बसवली. गुरुजींनी अंगठ्याने पट्टी दाबून पाहिली. तसूभर हटली नाही. मग दाणा ठेवला.

आम्ही वाट पाहिली. दाणा आपला बसून. जणू जेवण झाल्यावर ओसरीवर टेकलेला म्हातारा.

"उडव," गुरुजी म्हणाले.

"दाणा काढू ना?"

"राहू दे."

टर्बाईन किंचाळलं. जेट धावलं, उठलं, घारींना मागे टाकून आभाळात घुसलं. हेरंब दांडीला असा चिकटला होता की बोटं पांढरी पडली.

"हात काढ," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी! पडेल!"

"काढ."

हेरंबने डोळे मिटले. हात काढले.

...

जेट आमच्या डोक्यावरून सरळ गेलं. दोरीवर चालल्यासारखं. मग माळभर शिट्ट्या, टाळ्या! हेरंबने डोळे उघडले, दांडी धरून जेटला एक गिरकी दिली, आणि धावपट्टीवर असं अलगद उतरवलं की टिटवीने मानसुद्धा वळवली नाही.

आम्ही धावलो. दाणा शेपटीवर होता. कुणाला पटो न पटो, मी तिथे होतो.

"गुरुजी, जिंकलो!" हेरंब हसत होता, रडत होता. "दाणा हलला नाही!"

गुरुजींनी तो दाणा उचलून त्याच्या उघड्या तळहातावर ठेवला.

आनंदाने हात कापत होता. दाणा नाचू लागला.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं.

"विमान झालं. आता तू."