वाचता न येणारा द्वारपाल

संगणक नवलाईचा होता, त्या काळी एका नवशिक्या मुलीने सी भाषेत सिग्नलचा प्रोग्राम लिहिला. आत तांबडा, पिवळा आणि हिरवा यांची क्रमांकित आसने होती. अशा मांडणीला एनम म्हणतात. दाराशी ‘दुहेरी बरोबर’ हे चिन्ह द्वारपाल म्हणून उभे असे. दोन अंक सारखे आहेत का, एवढेच त्याला कळे.

एकदा कळफलकावरून ‘हिरवा’ हा शब्द आला. तो आत गेल्याशिवाय हिरवा दिवा लागणार नव्हता. द्वारपालाने त्याचा मेमरीतला पत्ता, म्हणजे जागेचा क्रमांक, दारावर लिहिलेल्या ‘हिरवा’च्या पत्त्याशी ताडून पाहिला.

“पत्ता वेगळा आहे. परत जा.”

“अहो काका, पत्ता काय पाहता? माझी अक्षरे वाचा ना!”

द्वारपाल ओशाळला. “बाळा, मला वाचता येत नाही रे.” मग त्याने हाक मारली, “स्ट्रकंपआजी, जरा येता का?”

सी भाषेच्या तयार फंक्शनांच्या लायब्ररीतून, शब्दांची तुलना करणाऱ्या स्ट्रकंपआजी (strcmp) आल्या. दोन्ही शब्द अक्षरागणिक पडताळून त्या म्हणाल्या, “शून्य.”

शब्दाचा चेहरा पडला. “म्हणजे मी नापास?”

“अरे वेड्या, तुम्हा दोघांत फरक शून्य!”

“शून्य हा तर अंक! तो मला ओळखता येतो,” द्वारपाल हरखून म्हणाला आणि त्याने स्वतः दार उघडले. शब्द हिरव्याच्या आसनावर बसला. दिवा लागला.