गुळगुळीत मणी

"नाही काढणार! मान कापा हवी तर, पण कंठा काढणार नाही."

"मान कापून गोचीड निघत असता, तर कधीच कापली असती."

सोनाय चुलीपुढे बसून चिमट्याची टोकं राखेने घासत होती. काटे काढायचा बारीक चिमटा. हात चालूच होता, वर बघायचीही तिला गरज वाटली नाही.

दारात तिचा शिष्य उभा होता. मठात त्याचं नाव विरक्तनाथ. घरचं, वामन गवस. रानवाटांनी सायकल दामटत गावोगाव प्रवचनं करतो म्हणून पोरंटोरं त्याला सायकलनाथ म्हणतात, ते त्याला आवडत नाही. सोनाय त्याला वामनच म्हणते. ते तर मुळीच आवडत नाही.

त्याच्या गळ्यालगत रुद्राक्षांचा घट्ट कंठा होता. बांधला सोनायनेच. बारा वर्षं उतरवायचा नाही, असं व्रत. येत्या पौर्णिमेला बारा पुरी होणार होती आणि घाटाखालच्या मठाची गादी त्याला मिळणार होती. कंठा उतरला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"अंग तपासलंस?"

"तपासलं. काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे. कपडे उकळत्या पाण्यात टाकले. गरम पाण्याने आंघोळ केली. तुम्ही सांगता ते सगळं केलं."

"कंठ्याखाली?"

"कंठ्याखाली गुरूचं वचन आहे, माय."

"कंठ्याखाली कातडं आहे. वचनात रक्त नसतं, त्यामुळे ते कुणी पीत नाही."

उत्तर सुचलं नाही की बुवा लोक आवाज चढवतात. यानेही चढवला.

"देहाचं एवढं काय कौतुक? चावला तर चावला!"

"देहाचं कौतुक नाही, तर त्या गादीवर काय बसवणार आहेस?"

तो गप्प झाला आणि मग ऐकू आलं, की बाहेर काहीच ऐकू येत नाही. ऊन कललं होतं. या वेळेला झऱ्याकाठच्या झाडांवर वानरांचा धुडगूस चालतो, फांद्या मोडतात, पिल्लं किंचाळतात. आज पान हलत नव्हतं. कालही नव्हतं.

"वाटेत वानर पडलेलं दिसलं?" सोनायने विचारलं.

"दिसलं. गेल्या सोमवारी. पायवाटेवर आडवं. जखम नाही, रक्त नाही. डोळे उघडे."

"मग?"

"सायकल गवतात टाकली आणि त्याच्याजवळ पाचोळ्यात बसलो. डोक्यावर हात ठेवला. कानात मंत्र सांगितला. मरणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"मरणाऱ्याला. ते मेलेलं होतं."

"अजून गरम होतं, माय."

चिमटा घासणारा हात थांबला.

"किती वेळ बसलास?"

"ते गार होईपर्यंत... माझ्या हाताखाली हळूहळू गार झालं."

"आणि तू गरम होतास. रक्त गार पडलं की त्याच्यावरचे गोचीड उतरतात, वामन. आणि ऊब शोधतात. तू त्या वानराला सोबत द्यायला बसलास. ते तुझ्यासोबत आले."

विरक्तनाथाचा हात नकळत दंडावर फिरला. मग त्याने तो मुद्दाम खाली घेतला.

"माझा जप अखंड चालू होता. जपणाऱ्याला रानातला जीव अपाय करत नाही."

"असं?"

सोनाय उठली. लुगड्याखाली तिने पोटऱ्यांपर्यंत जाड मोजे ओढलेले होते, काष्टा घट्ट. तिने त्याच्या खांद्यावरचं पांढरं उपरणं ओढून घेतलं आणि वाटेच्या मधोमध चालत, हात लांब करून, ते कडेच्या गवतावरून फरफटत नेलं. परत आली, उपरणं अंगणातल्या दगडावर पसरलं.

पांढऱ्यावर काळे ठिपके. मोहरीहून बारीक. ठिपके चालत होते.

"म्हण तुझा मंत्र. जवळ वाकून म्हण."

तो वाकला, मंत्र पुटपुटू लागला. ठिपके थांबले. एकेकाने पुढचे पाय वर उचलले, हवेत पसरले. मग सगळे वळले. सगळे, एकाच बाजूला. आणि त्याच्या तोंडाच्या दिशेने चालू लागले.

विरक्तनाथाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, माय! हात वर करतात. मुके जीव, पण मंत्र ओळखतात!"

"आता तोंड मीट. श्वास धर. मंत्र मनात म्हण."

त्याने श्वास धरला. ठिपके थबकले. पाय खाली आले. काही इकडे गेले, काही तिकडे. शेवटी न राहवून त्याने श्वास सोडला... आणि सगळे पाय पुन्हा वर.

"मंत्र नाही रे," सोनाय म्हणाली. "तू जिवंत आहेस, एवढंच त्यांना कळतं."

तिने उपरण्याच्या चारही कडा आत दुमडल्या आणि ते चुलीत सारलं. आतून बारीक तडतड ऐकू आली.

"शिमग्याआधी वरच्या वाडीतल्या दोघी तापाने गेल्या," ती म्हणाली. "दोघी पाचोळा गोळा करायला जायच्या. वानरं पडली की माणसांचा ताप मागोमाग येतो. अंगावर गोचीड जितका वेळ बसला तितका धोका. मी काही तुला घाबरवत नाही. तू घाबरलेला आहेसच."

"मला काही चावलेलं नाही. चावलं असतं तर कळलं असतं."

"चावताना कळत नाही. कळलं असतं तर त्याचं पोट कसं भरलं असतं? ... बोट फिरव कंठ्यावरून."

"माझ्या रोजच्या सवयीचा आहे तो."

"मग फिरव की."

त्याने फिरवलं. हनुवटीखालून सुरू केलं. रुद्राक्ष. खरखरीत. खरखरीत. खरखरीत. बोट मानेमागे गेलं, केसांच्या कडेला.

बोट थांबलं.

हा गुळगुळीत होता. आणि कोमट.

"झिजला असेल..." तो हळूच म्हणाला. "जपाने."

"झिजलेला मणी बारीक होतो. हा केवढा आहे?"

त्याने बोट काढलं नाही. काढवत नव्हतं. बाहेर रान तसंच निःशब्द होतं आणि त्या शांततेत त्याला वाटलं, बोटाखाली काहीतरी जरासं हललं.

"उदबत्ती लावा," तो घाईने म्हणाला. "चटका बसला की आपोआप सुटेल. आमच्या गावात असंच करतात. नाहीतर रॉकेल लावा. कंठा तसाच राहू दे."

"चटका दिला की तो पोटातलं तुझ्यात ओकतो, आणि मग सुटतो. हवंय?"

"मग वरूनच चिमटीत धरून ओढा."

"वरून दाबला तर फुटेल. ओढला तर तोंड आत राहील. कातडीलगत तोंडाशी धरायचा, न पिळता सरळ वर घ्यायचा, सावकाश. तिथेच नेमका दोरा आहे. दोरा कापावा लागेल."

तिने भाजीची सुरी चुलीच्या जाळावर धरली, पुसली आणि त्याच्यासमोर पाटावर ठेवली. चिमटा तिच्याशेजारी.

विरक्तनाथाने दोन्ही हातांनी कंठा झाकून घेतला. रुद्राक्ष, आणि तो दुसराही.

"थोडेच दिवस राहिलेत, माय. पौर्णिमेला काढा. पौर्णिमेला तुम्ही म्हणाल ते."

"पौर्णिमेला तू असशील तर."

"बारा वर्षं आंघोळीला उतरवला नाही. आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, सुतकात उतरव. उतरवला नाही. लोक पाया पडतात ते या कंठ्याच्या पडतात. हा गेला तर मी कोण? वामन गवस? सायकलवरचा गोसावी? आणि तुम्हीच कापायला सांगता! बांधताना तुमचेच शब्द होते. एकदा धरलं की सोडायचं नाही. हेच व्रत ना? तुमचंच ना? मग धरलेलं मी सोडू कसं?"

त्याचा आवाज फुटला. अंगणात तो कितीतरी वेळ घुमला, कारण त्याच्यावर बोलायला रानात कुणीच उरलं नव्हतं.

सोनाय एकच वाक्य बोलली. ते ऐकलं, आणि त्याचे हात आपसूक खाली आले, त्याने पाटापुढे बसून मान वाकवली, आणि सुरीखाली दोरा तुटून मणी जमिनीवर घरंगळले. एक सोडून सगळे.

ती म्हणाली होती, "धरलेलं सोडायचं नाही हे व्रत गोचिडाचंही आहे, वामन, पण पोट भरलं की तो सोडतो."