पेटीवाल्या बाबांची पुस्तकं

"...आणि तुम्हाला तर अक्षरओळखही नाही. मग कुणाला कोणतं पुस्तक द्यायचं, हे तुम्ही ठरवता तरी कसं?"

टाकसाळे मास्तरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

करीमशा बाबा सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी उत्तर घेतल्याशिवाय इथून उठणार नाही," मास्तर म्हणाले.

"बस की मग."

मास्तर बसले.

हिरडगावच्या वेशीबाहेर, जुन्या रस्त्याच्या कडेला बाबांचा तकिया होता. फकिराची जागा ती. एक कडुनिंब, एक पत्र्याची खोली, पाण्याचे दोन माठ. आणि खोलीत तीन लोखंडी पेट्या, पुस्तकांनी गच्च भरलेल्या.

तीसेक वर्षांपूर्वी गावात बदलून आलेला एक पोस्टमास्तर तापानं आजारी पडला आणि बाबांच्या मांडीवरच गेला. मागंपुढं कुणी नव्हतं. त्याच्या या पेट्या न्यायला कुणी आलं नाही. तेव्हापासून बाबा त्यातली पुस्तकं लोकांना वाचायला देत. आसपासच्या गावांतल्या माणसांचं काही बिनसलं, काही हरवलं, की ती तकियावर येत. बाबा पेटीत हात घालून एक पुस्तक काढून देत. ते त्या माणसाला लागू पडतं, असं लोक म्हणत.

मास्तरांच्या डोक्यात हे असं म्हणणंच जात असे.

दिगंबर टाकसाळे तालुक्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात चौदा वर्षं ते दर रविवारी 'काय वाचावं' हे सदर लिहीत होते. घरात चार हजार पुस्तकं. कुणी भेटलं की नमस्काराच्या आधी ते विचारत, सध्या काय वाचताय? आणि समोरच्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत त्याहून सरस पुस्तकाचं नाव सांगून मोकळे होत.

पण त्या शुक्रवारी ते सदरासाठी आले नव्हते. रंगनाथसाठी आले होते.

रंगनाथ खटावकर त्यांचा बालमित्र. पौषात त्याची बायको वेणू गेली. मास्तरांना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी स्वतःला येत होतं ते केलं. पुस्तकं पाठवली. आठवड्याला एक, अशी सात. शोकावरचं, विरहावरचं, आत्म्यावरचं... प्रत्येकात चिठ्ठी : 'हे वाच. धीर येईल.' आणि दर रविवारी फोन : कुठवर आलास?

फाल्गुनात सातही पुस्तकं परत आली. एकाचंही पान उलटलेलं नव्हतं. वर एक कागद होता : 'दिगू, आता काही पाठवू नकोस. येऊही नकोस.'

एवढंही मास्तरांनी गिळलं असतं. पण मग कानावर आलं, की रंगनाथ पेटीवाल्या बाबांकडं जाऊन आला आणि तिथून आणलेलं पुस्तक तो रोज वाचतो.

कोणतं पुस्तक? पाखरांचं. जंगलखात्यातल्या कुणा रखवालदारानं लिहिलेलं. वेष्टन नाही, सुरुवातीची अकरा पानं गळालेली.

मास्तरांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

झाडाची सावली सरकली. सुतळी मोकळी झाली. मग बाबा बोलू लागले.

त्यांचा एकच नेम होता. पुस्तक परत करणाऱ्यानं घटकाभर बसायचं आणि वाचताना आपल्याला काय झालं ते सांगायचं. पुस्तकात काय आहे ते नाही, आपल्याला काय झालं ते. बाबा ऐकत. तीस वर्षं ऐकत आले होते. कोणतं पुस्तक वाचून कोण पोटभर हसलं, कोण अबोला सोडून भावाच्या दारात गेलं, कुणाला महिन्यानं झोप लागली, हे सगळं त्यांच्या ध्यानात होतं. पुस्तक ते डागांवरून, शिवणीवरून, वजनावरून ओळखत.

"आणि पाखरांचं?" मास्तरांनी विचारलं.

"एक कुंभारीण घेऊन गेली होती. तिचा लेक विहिरीत गेला, त्या साली."

बाबांनी सुतळी गुंडाळून बाजूला ठेवली.

"परत द्यायला आली तेव्हा म्हणाली, बाबा, या पुस्तकात मला कुणी समजावत नाही."

मास्तरांना आपल्या सात चिठ्ठ्या दिसू लागल्या...

मग ते म्हणाले, "मला हे शिकायचंय."

बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. दर शुक्रवारी ये आणि माझ्या शेजारी बसून ऐक, एवढंच सांगितलं.

मास्तर यायला लागले. चैत्राचं ऊन, अडीच कोसांची सायकल, पण एक शुक्रवार चुकला नाही. हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होता.

सायकल जमली. ऐकणं जमेना.

चौथ्या शुक्रवारी भागवत नरवडे आला. फाट्यावर त्याची उसाच्या रसाची रसवंती होती. एक कादंबरी परत करायला आला होता. कादंबरीतला थोरला भाऊ घरदार टाकून पळून जातो. भागवत सांगत होता, की त्यानं पळून जाऊन बरोबर केलं, दुसरं करण्यासारखं त्याच्या हातात होतं काय...

या कादंबरीवर मास्तरांनी दोनदा लिहिलं होतं. त्यांना राहवलं नाही. त्यांनी भागवतला मध्येच थांबवून समजावून दिलं, की लेखकाला नेमकं उलट म्हणायचं आहे. पळून जाणाऱ्यावर लेखक टीका करतो आहे. शेवटचं प्रकरण नीट वाचलं तर ते स्पष्ट होतं.

भागवतनं हातातलं पुस्तक मिटलं.

"तुमचंच बरोबर असंल, सर," तो म्हणाला. पुस्तक पेटीवर ठेवलं, बाबांच्या पायांना हात लावला आणि निघून गेला.

बाबांनी काठी घेतली, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि भर उन्हात रस्त्याला लागले. ऐंशीच्या घरातला माणूस. मास्तर धावत मागं गेले, मी सायकलवरून त्याला घेऊन येतो म्हणाले. बाबांनी हातानंच 'तिथंच बस' अशी खूण केली.

मास्तर पेट्यांपाशी बसून राहिले. रस्ता पांढरा पडला होता. बाबांची आकृती लहान होत गेली, मग दिसेनाशी झाली.

दीड तासानं दोघं परत आले. बाबांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. त्यांनी माठातलं पाणी आधी भागवतला दिलं, मग स्वतः प्यायले, आणि पहिल्याच जागी बसले.

"हं. त्यानं बरोबर केलं म्हणत होतास."

भागवतनं एकदा मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली.

"मी पण पळालोय, बाबा," भागवत म्हणाला. "सतरा वर्षं झाली. आई आहे तिकडं. ह्या बुकात तो पळाला, तवा बरं वाटलं. आपल्यासारखा कुणी हाय म्हणून. पण तो जिथं जातो तिथं आधी दारं मोजतो. खोलीला दारं किती, वाटा किती. मी पण मोजतो. मला वाटायचं, हे कुणाला ठावंच नाही..."

तो बराच वेळ बोलत होता. शेवटी म्हणाला, की सोमवारी तो गावी जाणार आहे. आई ओळखेल का, ते ठाऊक नाही. पण जाणार.

दारं मोजायचं ते वाक्य मास्तरांनी दोन्ही खेपेला वाचलं होतं. दोन्ही खेपेला त्यावर त्यांची नजर थांबली नव्हती.

त्या दिवसापासून मास्तर तकियावर एक शब्द बोलले नाहीत. लोक पात्रांची नावं चुकवत, शेवट भलताच सांगत, दोन पुस्तकांची सरमिसळ करत. जीभ टाळूला लावून मास्तर बसून राहत. पहिल्यापहिल्यांदा घरी जाताना त्यांचा जबडा दुखायचा. पुढं पुढं दुखेनासा झाला. आषाढात एका शिंपिणीचं बोलणं ऐकताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण चुका शोधतच नाही आहोत.

श्रावणाच्या तोंडावर ते बाबांना म्हणाले, "रंगनाथकडं जायचं म्हणतो. त्याला न्यायला एखादं पुस्तक काढून द्या."

मास्तरांच्या खांद्याला सदान्‌कदा एक शबनम पिशवी असे. तीत कुणाला ना कुणाला द्यायची दोन-तीन पुस्तकं असतच. बाबा उठले. त्यांनी ती शबनम मास्तरांच्या खांद्यावरून काढली आणि निंबाच्या फांदीला अडकवली.

"असा जा."

मास्तर तसेच गेले.

रंगनाथनं दार उघडलं. तो वाळला होता. दाढी वाढली होती.

"येऊ नकोस म्हटलं होतं तुला."

"हो."

मास्तर उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मागं फिरले नाहीत. रंगनाथनं त्यांच्या खांद्याकडं पाहिलं, मग हातांकडं.

"काही आणलं नाहीस?"

"नाही."

रंगनाथ दारातून बाजूला झाला.

त्यानं स्वतःच चहा केला. साखर टाकायला विसरला. दोघांनी तसाच घेतला. मास्तरांनी काही विचारलं नाही. मग रंगनाथ आपणहून सांगू लागला. मागच्या भिंतीवर रोज सकाळी एक काळापांढरा पक्षी येतो. शेपटी वर करून शीळ घालतो. वेणू त्याला 'आपला पाहुणा' म्हणायची. चला, पाहुणा आलाय, म्हणून हाक मारायची.

"एकतीस वर्षं हाक मारत होती, दिगू. मी पेपरातून मान वर केली नाही कधी. परवा त्या पुस्तकात त्याचं नाव सापडलं. दयाळ." रंगनाथनं कप खाली ठेवला. "तिला सांगायचं होतं..."

मास्तरांच्या ओठांवर एकदम पाच पुस्तकांची नावं आली. पाचही चांगली होती. अशा वेळी वाचावीत अशीच होती.

एकेक करून त्यांनी ती गिळली. शेवटचं गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

रंगनाथनं ते पाहिलं. पौषानंतर पहिल्यांदा तो मोकळा रडला. मास्तर त्याच्या शेजारी नुसते बसून राहिले.

निघताना रंगनाथ म्हणाला, "उद्या सकाळी ये. सातला येतो तो." आणि बाबांसाठी निरोप दिला, की पुस्तक अजून माझ्याकडंच राहू दे. देववत नाही.

शुक्रवारी मास्तरांनी निरोप सांगितला. बाबांनी मान हलवली. सांगणारी माणसं येऊन गेली, बोलून गेली. ऊन उतरलं. पेट्या बंद करायला मास्तर बाबांना मदत करू लागले. तिसऱ्या पेटीशी येऊन ते थांबले.

किती महिने मनात होतं ते त्यांनी विचारून टाकलं.

"बाबा, तीस वर्षांत इतकी पुस्तकं गेली-आली. ह्यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं?"

बाबांनी पेटीत डोकावून पाहिलं. एका पुस्तकावरची धूळ तळव्यानं पुसली. झाकण लावलं.

"ते इथं नाही, मास्तर. नेलं त्यानं परत आणलंच नाही."