देव खोळंबतो तो विसावा

जरा थांबा, ती पिशवी त्या चौथऱ्यावर टेकवू नका. रागावलो नाही हो, बाहेरच्या माणसाला कसं कळणार? दिसायला तो साधाच आहे, माणूसभर लांब आणि मधोमध जरा झिजलेला. पण हा विसावा आहे. गावातून तिरडी निघाली की ओढ्याकडे जाताना ती इथं खाली ठेवतात. पुढचे खांदेकरी मागे होतात, मागचे पुढे येतात, आणि मग उरलेली वाट चालतात.

असा विसावा गावोगाव असतो. आमचं निराळं एवढंच, की चैत्रातल्या जत्रेला आमच्या भैरोबाची पालखी देवळातून निघते ती आधी इथं येते. तिरडीच्या जागी देवाची पालखी! आजूबाजूची गावं आम्हाला हसतात. उंबरटेकच्या लोकांना शुभ-अशुभ कळत नाही म्हणतात. हसू देत. मी इथला गुरव, पालखीपुढं घंटा घेऊन मीच चालतो, आणि इथं आल्यावर ती घंटा मुठीत दाबून धरावी लागते. का, ते सांगतो. तुम्ही त्या वरच्या टेकडीवर शिबिराला आलात ना, डोळे मिटून बसायला? मग तुम्ही तर ऐकायलाच हवं.

गोष्ट किती जुनी ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितली, आणि सांगताना त्यानंही म्हणे मान खालीच घातली होती. अभिमानानं सांगावी अशी ती नाहीच.

तेव्हा गावात भिवराबाई नावाची एक विधवा राहत होती. नवरा लवकर गेलेला, पोटी मूलबाळ नाही. धाकटा दीर केरबा आणि त्याची बायको सगुणा यांच्या घराला लागून मागे एक खोली होती, तीत ती राहायची. दळण, पाणी, शेतातली खुरपणी, सगळं करायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. गावाला ती दिसायची ती घरातली चूल दिसावी तशी, म्हणजे असतेच म्हणून कुणी तिच्याकडे बघत नसे.

एका चातुर्मासाला भैरोबाच्या देवळात बाळनाथ नावाचे गोसावी येऊन राहिले. त्यांनी भिवराबाईला मंत्र दिला. कोणता, ते तिनं जन्मभर कुणाला सांगितलं नाही. पहाटे जात्यावर बसली की ती तो म्हणायची. पुढच्या वर्षी गोसावी परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मंत्र चालतोय का, बाई?"

"चालतोय की महाराज. जात्याच्या फेऱ्याला एक."

"आणि जातं थांबलं की?"

भिवराबाई ओशाळली. जातं थांबलं की मंत्रही थांबायचा. गोसावी म्हणाले, हातावरून काढ आणि श्वासावर बसव. श्वास काही थांबत नाही. तसं तिनं केलं. आत जाणाऱ्या श्वासाबरोबर अर्धा, बाहेर येणाऱ्याबरोबर अर्धा. पुढं गोसाव्यांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "बसलाय महाराज, पण पाण्याच्या हंड्यांनी चढाला दम लागतो, तिथं मंत्राची पण दमछाक होते. तुटतो."

गोसावी हसले. म्हणाले, "ओझं डोक्यावर घेऊन किती चालणार? वाटेत खाली उतरवतेसच ना? तसा आता मंत्र श्वासावरून उतरव. श्वास त्याचा तो जाऊ-येऊ दे. अंग त्याच्या जागी बसू दे. मंत्र ना श्वासाचा, ना अंगाचा. तो त्याचा तो चालतो का, एवढं बघत राहा."

हे सांगायला सोपं. तुम्ही बसता ना, तुम्हाला माहीत असेल. मंत्र सोडवायला जावं तर श्वासच अडखळतो, आणि श्वासाकडे बघावं तर मंत्र जातो हरवून. भिवराबाईला वर्षानुवर्षं लागली म्हणतात. मग एक दिवस ओढ्याच्या चढावर ती हंडे खाली ठेवून उभी होती. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती, पाय कापत होते, आणि आत मंत्र मात्र शांतपणे चाललेला. धाप एकीकडे, तो एकीकडे. तिला रडू आलं म्हणे, आनंदानं.

तेव्हापासून ती पहाटे खोलीत भिंतीला टेकून बसे आणि हळूहळू श्वास इतका बारीक होई, की आहे की नाही कळू नये. हातपाय गार पडत. गोसाव्यांनी तिला बजावलं होतं, बसशील तेव्हा घरातल्या एकाला तरी सांगून बस. म्हणून ती रोज सगुणेला सांगे, "बसते गं. उठायला लई वेळ झाला तर हलवू नको, कानात हाक मार." सगुणेनं अशी हाक एकदोनदा मारलीही होती. म्हणजे सगुणेला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

पुढं जत्रेचा दिवस आला. पहाटेच भिवराबाईनं घरच्यासाठी हरभऱ्याची डाळ निवडून शिजायला घातली, आणि सगुणेला सांगून आपल्या खोलीत गेली. सगुणेचे हात कणकेत होते. "बसा आक्का," एवढं ती म्हणाली.

ऊन वर आलं. पाहुण्यांच्या बैलगाड्या यायला लागल्या. मोठं पातेलं हवं होतं म्हणून केरबा मागच्या खोलीत गेला. वहिनी भिंतीला टेकलेली. हाक मारली, ओ नाही. हात लावला तर गार. नाकाशी सूत धरलं, ते हललं नाही. त्यानं हंबरडा फोडला. तो हंबरडा खोटा नव्हता, हेही सांगायला पाहिजे.

आता काय होतं बघा. गावात मढं असलं की देव उठत नाही. चुली विझवायच्या, पालखी थांबवायची. आणि त्या दिवशी घराघरांत पुरण शिजत होतं, वेशीपाशी पाहुण्यांची रीघ लागलेली, ढोलांच्या दोऱ्या आवळून झालेल्या. पाटील आले, मानकरी आले, आमचा गुरवही आला. सगळे त्या खोलीच्या दारात उभे राहिले, आणि बोलायला लागले.

काय बोलले? हेच तर आहे. मेलेल्या माणसापुढं माणूस कसा बोलतो ते सगळ्यांना माहीत आहे. एक जण म्हणाला, आजचाच मुहूर्त सापडला का हिला? दुसरा म्हणाला, पोर ना बाळ, रडायला कोण येणार आहे, कुणाची वाट बघायची? घरातलंच कुणी म्हणालं, खोली मोकळी झाली, कांदा ठेवायला बरी. आणि कुणीतरी सारखं म्हणत होतं, "उरका, उरका लवकर, देव खोळंबलाय."

सगुणा मध्ये आली. तिनं पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "आक्कांनी सांगितलंय, कानात एक हाक मारून बघा."

केरबा म्हणाला, "तू पुरणाचं बघ."

आणि ती गेली. चुलीपाशी जाऊन पुरण घोटत बसली.

सगळं झटपट झालं. अंघोळ म्हणून तांब्याभर पाणी शिंपडलं. मेलेल्याचं अंग ताठतं, हिचं मऊ होतं, ते हाताला कळलं असणारच, पण कुणी बोललं नाही. चौघांनी खांदा दिला. ते चौघे पालखीचेही मानाचे खांदेकरी, कारण लगेच अंघोळी करून देवाकडे जायचं होतं. तिरडी वेशीबाहेर पडली, आणि सांगतात, की चौघांच्याही खांद्यांना बांबूतून काहीतरी लागायला लागलं. मधमाश्यांचं मोहोळ दूरवर गुणगुणावं तसं, संथ, न थांबणारं. शब्द उमगत नव्हता, पण चाल होती. श्वास नव्हता, अंग गार होतं, आणि मंत्र चालूच होता.

चौघांनाही ते कळत होतं आणि चौघेही गप्प चालत होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच भास होतोय. बोललो तर हसतील. आणि खरं निघालं तर आणखी वेळ जाईल. इथं या दगडावर तिरडी ठेवली तेव्हा एकानं घाम पुसत विचारलं, "खांद्याला काय लागतंय का रं तुझ्या?"

"काय न्हाई," दुसरा म्हणाला.

बायांनी वेशीपर्यंतच यायचं, अशी तेव्हाची रीत. सगुणा वेशीत उभी होती. तिथून तिला दिसलं, की पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले, आणि आता उचलणार. काय झालं तिला कोण जाणे. ती रीत मोडून धावत सुटली. हाताला पुरण तसंच चिकटलेलं. खांदेकऱ्यांना ढकलून ती या चौथऱ्यावर वाकली आणि तिनं भिवराबाईच्या कानात हाक मारली, "आक्का! आक्का, मी हाय!"

पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्यालाही नाही. माणसं तिला ओढायला लागली, आणि तेवढ्यात भिवराबाईची छाती हलली. एक लांब श्वास आत गेला.

माणसं पळाली. भूत म्हणून पळाली, मग थांबली, मग परत आली. भिवराबाई उठून बसली. अंगावरच्या सुतळ्या तिनं आपल्या हातांनी सोडल्या. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. तोंडातून एकच वाक्य काढलं.

"उरका की लवकर. देव खोळंबलाय."

तेव्हा लोकांना कळलं. श्वास नव्हता, अंग नव्हतं, पण तिला ऐकू येत होतं. खोलीच्या दारातला शब्दन् शब्द तिनं ऐकला होता.

कुणी माफी मागायला पुढं झालं नाही. माफी कशाची मागायची? नाव घ्यावं लागलं असतं, की ते मी म्हणालो. भिवराबाई म्हणाली, "तुम्ही व्हा म्होरं. मी बसते जरा."

लोक गेले. मेलंच नव्हतं कुणी, तर सुतक कसलं? अंघोळी झाल्या, पालखी सजली, त्याच चौघांनी ती उचलली. उचलली आणि चौघेही जागच्या जागी थांबले. पालखीचा दांडा त्याच खांद्यावर होता आणि त्यात काहीही वाजत नव्हतं. नुसतं लाकूड. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तेव्हा प्रत्येकाला कळलं की मघाशी दुसऱ्यालाही ऐकू आलं होतं. जो "काय न्हाई" म्हणाला होता, तो रडायलाच लागला. ढोल बंद पडले. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, पालखी वळली आणि इकडं आली.

भिवराबाई इथंच बसली होती, उन्हात. तिच्यासमोर देव ठेवला आणि अख्खा गाव मान खाली घालून उभा राहिला. बराच वेळ गेला. शेवटी सगुणा पुढं झाली.

"आक्का, घरला चल. मी वरडायला पायजे हुतं तवाच. चुकले मी."

भिवराबाई तिच्या हातांवरचं वाळलेलं पुरण बघत राहिली. म्हणाली, "मारलीस की हाक. उशिरा मारलीस, पण मारलीस." आणि तिचा हात धरून उठली. मग पालखी हलली.

संध्याकाळी ती खोलीत गेली तेव्हा सकाळी खोली मोकळी करायच्या घाईत हलवलेलं सगळं जागच्या जागी परत आलं होतं. तांब्या, घोंगडी, जात्याचा खुंटा. जे कधी तिचं नव्हतं असंही बरंच काही येऊन पडलं होतं, धान्य, लुगडं, गुळाची ढेप. तिनं कशालाच हात लावला नाही, नाहीही म्हणाली नाही. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. कोण काय म्हणालं होतं, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यामुळे झालं काय, की प्रत्येक घराला वाटतं ते वाक्य आपल्याच घरचं. आमच्यातही म्हणतात, "देव खोळंबलाय" म्हणणारा गुरवच असणार, दुसऱ्या कुणाला घाई असेल? असेलही.

पुढच्या चातुर्मासात बाळनाथ गोसावी आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. कौतुकानं विचारलं, "बाई, मंत्र सुटला का श्वासापासून?"

"सुटला महाराज. श्वास सुटला, अंग सुटलं," भिवराबाई म्हणाली. "कान तेवढं न्हाई सुटलं."

गोसाव्यांनी सगळी हकिगत ऐकली. म्हणाले, "कान शेवटी सुटतात, बाई. म्हणून तर कानात हाक मारायला सांगून ठेव, असं तुला म्हणालो होतो. गावाला सांगायचं राहिलं." त्यांचीही मान खाली गेली असं म्हणतात.

आजही आमच्या गावात कुणी गेलं तर त्या घरात कुणी बोलत नाही. रडतात, पण बोलत नाहीत. घरातली बाई कानाशी जाऊन नावानं हाक मारते, आणि आम्ही वाट बघतो. इथं विसाव्यावर पुन्हा एकदा मारते. इथपर्यंत आमच्या बाया येतात, दुसरीकडे येत नाहीत. कुणी उठलं का कधी? नाही. माझी बायको गेली तेव्हा माझ्या सुनेनं हाक मारली. मला ठाऊक होतं उठणार नाही, तरी मी कान देऊन उभा होतो.

आणि जत्रेला पालखी आजही आधी इथंच येते. ढोल थांबतात, मी घंटा मुठीत धरतो. उन्हात सगळा गाव उभा. मग गावातली एखादी बाई पुढं होऊन म्हणते, "आक्का, घरला चल," तेव्हा कुठं देव हलतो. ती कधी म्हणेल ते तिच्या मनावर, तिला घाई करायची नाही. दरवर्षी एखादा नवखा पाहुणा असतोच. त्याला काही माहीत नसतं, पाय पोळत असतात, तो शेजारच्याला म्हणतो, "चला ना आता, देव खोळंबलाय."

आणि अख्खा गाव खाली बघतो.