चाकापेक्षा लहान धाव

जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात लोहाराच्या भट्टीला टाळे लागले. ते लावण्याची आज्ञा पाठशाळेच्या आचार्याबाईंनी लिहिली होती, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे कधीही लपवली नाही.

राजाने त्यांना सरकारी कामांची मापे तपासण्यास नेमले होते. त्यांनी दोरीने बैलगाडीचे लाकडी चाक मोजले. मग त्यावर बसवायचे लोखंडी कडे, म्हणजे धाव मोजली. धाव दोन बोटे कमी भरली.

"उरलेले लोखंड कुठे ठेवलेस?" त्यांनी विचारले.

"कुठंच नाही, बाईसाहेब," लोहार म्हणाला. "धाव चाकापेक्षा लहानच करायची असते."

"लहान वस्तू मोठीवर बसेल कशी?"

"बसवताना या, म्हणजे दिसेल."

हा मला शिकवू पाहतो, असे आचार्याबाईंना वाटले. त्यांनी भट्टी बंद करवली, लोहाराला राज्य सोडण्यास आठ दिवसांची मुदत दिली आणि दुसऱ्या कारागिराकडून चाकाच्या तंतोतंत मापाची धाव करून घेतली.

सहाव्या दिवशी ती गाडी मिठाची पोती घेऊन घाट उतरू लागली. पहिल्याच वळणावर धाव निसटली आणि बैलांच्याही पुढे घरंगळत गेली. चाक खिळखिळे होऊन गाडी कलंडली. गाडीवान उडी मारून कसाबसा वाचला.

आचार्याबाईंनी पुन्हा दोरी लावली. माप बरोबर होते. माप बरोबर आणि चाक मात्र मोडलेले, हे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना. सातव्या दिवशी त्या स्वतः किल्ली घेऊन लोहाराच्या दारी गेल्या. लोहारीण सामान बांधत होती.

"मला धाव बसवताना पाहायची आहे," त्या म्हणाल्या.

"आठवडाभर आधी आला असता, तर ही गाठोडी बांधायचे माझे कष्ट वाचले असते," लोहारीण म्हणाली आणि गोवऱ्या रचू लागली.

आगीत ती दोन बोटे लहान धाव लाल झाली, तशी वाढली. नवराबायकोने ती चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवली. ती अलगद बसली. पाणी पडताच लोखंड आकसले, लाकूड करकरले आणि सैल सांधे एकमेकांत घट्ट शिरले.

"म्हणजे प्रत्येक धाव दोन बोटे कमी करायची," आचार्याबाई म्हणाल्या.

लोहाराने दुसरे चाक हातोडीने ठोकले आणि कान लावला. "याला दीडच. लाकूड चांगलं वाळलंय, सांधे आधीच आवळलेत. दोन बोटं कमी केली, तर आरे वाकतील."

"हे तुम्ही आवाजावरून ओळखलेत?"

"आवाज, ओल, सांधे, लाकडाची जात. सगळं मिळून कळतं."

आचार्याबाईंनी तिसरे चाक ठोकून पाहिले. "एक बोट," त्या म्हणाल्या.

"त्यापेक्षा तुमची दोरी बरी होती," लोहारीण म्हणाली.

आचार्याबाई हसल्या, पण हातोडी त्यांनी खाली ठेवली नाही. दिवस मावळेपर्यंत त्या चाके ठोकत आणि प्रश्न विचारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भरसभेत आपली चूक सांगितली. आज्ञा रद्द झाली. धावेचे माप लोहारानेच ठरवावे, आणि माप तपासणाऱ्या प्रत्येकाने आधी एक वर्ष भट्टीवर शिकावे, असे ठरले. राजाने मान्यता दिली. दोन पंडितांनी नाके मुरडली, तरी तेही कबूल झाले. लोहार लगेच कबूल झाला. लोहारीण मात्र एका अटीवर: शिकायला येणाऱ्याने गोवऱ्या स्वतः वाहाव्यात. आचार्याबाईंनी ती अट मान्य केली आणि पहिले नाव स्वतःचे लिहिले.

तात्पर्य: कष्टाच्या कामामागची बुद्धी ज्याला दिसत नाही, त्याने ते काम तपासण्याआधी शिकावे.