महाराजांच्या चेहऱ्याचा शेला

राजाला भर घाटावर बडवल्याच्या आरोपावरून हैबती रंगाऱ्याला शिपायांनी पकडून नेलं. राजा उदंडराय त्या वेळी महालात बसून श्रीखंड खात होते, ही गोष्ट वेगळी!

झालं होतं असं, की दसऱ्याला सगळ्या दरबारानं महाराजांचा चेहरा छापलेले शेले पांघरावेत, अशी टूम प्रधान गोमाजीपंतांनी काढली. महाराज खूश! त्यांना स्वतःच्या चेहऱ्याइतकं दुसरं काहीच आवडत नसे. हैबतीनं लाकडी ठसा कोरला, महाराजांचं नाक, मिशी, पागोटं तांबड्या रंगात छापलं, आणि रंग पक्का व्हावा म्हणून कापड उकळून नदीवर नेलं. तिथं तो ते लाकडी मोगरीनं बडवू लागला. सात पिढ्या रंगारी हेच करत आले होते. पण पंतांच्या शिपायाला दिसलं ते एवढंच, की महाराजांच्या तोंडावर दणादण मोगरी पडते आहे!

राज्यात कायदाच होता. महाराजांच्या चित्राचा अपमान करील त्याचा उजवा हात तोडायचा. हात गेल्यावर रंगाऱ्यानं करायचं काय? हैबतीची मुलगी येसू धावत दरबारात गेली.

"म्हाराज, बडवल्याबिगर रंग पक्का व्हत न्हाई! कच्चा ऱ्हायला तर पहिल्याच पाण्यात तुमची मिशी वाहून जाईल!"

"मिशी वाहून जाता कामा नये!" उदंडराय गरजले. "आणि माझा चेहरा उकळायचा नाही, बडवायचा नाही, पिळायचा नाही! आठ दिवसांत असा शेला आण. सात धुण्यांत चेहरा फिका पडला, तर बापाचा हात गेलाच समज!"

"वा! काय हा न्याय!" पंत म्हणाले. महाराज काहीही बोलले, की पंत हेच म्हणत.

येसू रडतच घरी आली. दोन दिवस तिला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे पुसले, बापाचा ठसा चुलीत घातला आणि कात्री हातात घेतली.

आठव्या दिवशी तिनं दरबारात शेला उलगडला. लालभडक कापड, आणि मधोमध पांढरेशुभ्र महाराज! बाजूनं दिसणारं तेच नाक, तीच वळलेली मिशी, तेच पागोटं. सगळ्यांसमक्ष शेला सात वेळा धुतला. चेहरा जराही फिका पडला नाही.

पंतांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "याला डोळे कुठे आहेत?"

"डोळं असतं, तर माझा बाप बिनगुन्ह्याचा कोठडीत बसलाय, ते दिसलं नसतं व्हय?"

महाराजांनी घसा खाकरला. "पोरी, खरं सांग. हे कापड उकळलंस?"

"उकळलं."

"बडवलंस?"

"चांगलं तासभर! आन् शेजारीण न् मी, दोघींनी धरून पिळलं बी!"

"म्हणजे माझा चेहरा..."

"त्यात तुमी नव्हताच, म्हाराज! कागदाचा चेहरा कापला, कापडावर ठिवला, आन् भवतीनं रंग लावला. मग कागद उचलला. तुमी ज्याला चेहरा म्हणता, तितं रंगाचा टिपूस न्हाई, नुसतं कोरं कापड हाय! कोरं कापड बडवल्याची शिक्षा कुठल्या कायद्यात हाय? आन् जो रंग लावलाच न्हाई, तो फिका पडंलच कसा?"

"पण चेहरा दिसतो आहे ना!" पंत ओरडले. "तिथे काहीच नाही, तर महाराज दिसतात कसे?"

"भवतीनं रंग भरत ऱ्हायलं, की मधी काई नसलं तरी राजा दिसतो! पंत, तुमी दरबारात रोज दुसरं काय करता?"

उदंडराय हसले. असे हसले, की पागोटं मांडीवर पडलं! दरबार हसला. पंतही हसले, कारण महाराज हसत होते.

त्याच घटकेला हैबती सुटला. चित्राच्या अपमानाचा कायदा महाराजांनी तिथल्या तिथं फाडला आणि हातातलं सोन्याचं कडं येसूला दिलं.

"आता दरबाराचे बाकीचे शेलेही तूच छाप. आणखी काय हवं, ते माग!"

"त्यावर फुलं छापू द्या, म्हाराज," येसू हात जोडून म्हणाली. "कितीबी बडवा, फुलं शिपाई धाडत न्हाईत!"